स्वमग्न मुलासोबत नाताळ: उपासना, कॅरल, पाहुणे आणि औषधं

प्रश्न मिरजेच्या एका आईचा आहे, थोडक्यात असा. मुलगा 8 वर्षांचा, स्वमग्न (ऑटिस्टिक). दहा-पंधरा शब्द बोलतो, बाकी हाताला धरून नेतो आणि दाखवतो. फिटची गोळी चालू आहे. गेल्या वर्षी चर्चमध्ये 25 डिसेंबरच्या उपासनेत तो किंचाळत बाहेर पळाला. मागच्या बाकावरून कुणीतरी "लाडावून ठेवलाय" म्हणालं. घरी आल्यावर दोन दिवस तो नीट जेवला नाही, झोपला नाही. यंदा सासूबाईंचं म्हणणं, देवाच्या घरी लेकराला न्यायलाच हवं. नवरा म्हणतो, नाताळभर घरीच बसू. आणि मध्यंतरी आलेल्या एका प्रचारकानं गोळ्या बंद करून उपास-प्रार्थना करायला सांगितलंय. आता काय करायचं?

गोळ्यांचं आधी सांगते. फिटचं औषध कुणाच्याही सांगण्यावरून एकाएकी बंद करायचं नसतं. व्हॅल्प्रोएट असो, लेव्हेटिरासेटाम असो, अचानक तोडलं की फिट उलटू शकतात, कधी एकामागून एक येतात आणि मधे शुद्धही येत नाही. 5 मिनिटांच्या वर चाललेली फिट म्हणजे थेट दवाखाना, वाट बघायची नाही. स्वमग्न मुलांमध्ये अपस्माराचं, म्हणजे फिटच्या आजाराचं, प्रमाण इतर मुलांपेक्षा बरंच जास्त असतं, आणि जागरण हे फिट येण्याचं अगदी नेहमीचं कारण. म्हणून तुमच्या मुलाला 24च्या रात्रीची मेणबत्तीची उपासना आणि 31ची वर्षअखेरची उपासना, दोन्ही नकोत. हे आत्ताच ठरवून टाका, "बघू, त्या दिवशी कसा असतो" असं अधांतरी ठेवू नका. 20 तारखेच्या आसपास गोळ्या मोजा. पुढचे 15 दिवस पुरतील एवढ्या घरात हव्यात, कारण नाताळ ते नवं वर्ष या आठवड्यात नेहमीचे डॉक्टर सुट्टीवर असू शकतात. पाहुण्यांच्या गडबडीत डोस चुकतो तो बहुधा रात्रीचा. आईला वाटतं बाबांनी दिली, बाबांना वाटतं आईनं दिली. गोळी देण्याचं काम एकाच माणसाकडे ठेवा आणि मोबाइलवर गजर लावा.

प्रार्थना जरूर करा, मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांनाही, करायला सांगा. प्रार्थना आणि गोळी एकाच घरात सुखानं नांदतात. मात्र प्रार्थनेच्या नावाखाली मुलाचं डोकं दाबून धरणं, चार जणांनी घेरून मोठमोठ्यानं ओरडणं हे चालू देऊ नका. स्पर्श आणि आवाज या दोन्हींचा त्रास असलेल्या मुलासाठी तो थेट छळ होतो, आणि त्यानंतर त्याला चर्चच्या फाटकापाशी न्यायलाही महिने लागू शकतात. "यात काही शिरलंय" म्हणून बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे तर महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, करणारा कुठल्याही धर्माचा असो. सासूबाईंच्या मनात "कुणाचं पाप भोवलं" हा काटा असेल तर बायबलमधला योहानाचा 9वा अध्याय त्यांच्याबरोबर बसून वाचा. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी नेमका हाच प्रश्न विचारला, याचं पाप की याच्या आईबापांचं, आणि प्रभूनं दोन्ही नाकारलं. स्वमग्नता हा मेंदूच्या घडणीतला, जन्मापासूनचा फरक आहे. आईच्या वागण्यानं, टीव्ही बघण्यानं किंवा कुणाच्या शापानं तो येत नाही.

आता चर्चचा प्रश्न. न्यायचं की नाही, यावर घरात भांडण होतं कारण दोन्ही बाजूंना एकच चित्र दिसत असतं: सबंध उपासना, सबंध दोन तास. मी विचारेन ते असं: किती वेळ, उपासनेच्या कोणत्या भागाला, आणि तिथं त्याच्या हातात काम काय? या तिन्हींची उत्तरं मिळाली तर न्या. एकही मिळत नसेल तर यंदा नेऊ नका. न नेल्यानं त्याच्या बाप्तिस्म्याला किंवा तुमच्या विश्वासाला कुठं उणेपणा येत नाही.

गेल्या वर्षी नेमकं काय झालं असेल, ते समजून घ्यायला हवं, नाहीतर यंदा तेच होईल. मूल त्या क्षणाला बिघडत नाही, आठ-दहा दिवसांत साचत येतं. डिसेंबरच्या मध्यापासून घराला रंग लागतो, त्याचा वास. सामान हलतं, त्याच्या रोजच्या कोपऱ्यात नाताळचं झाड येतं. करंज्या-चकल्यांच्या तळणीचा धूर. मुंबई-पुण्याची माणसं पहाटेच्या गाडीनं मिरज जंक्शनला उतरतात, त्याच्या अंथरुणावर कुणी दुसरंच झोपतं. रात्री अकराला कॅरलवाले, म्हणजे घरोघर नाताळची गीतं गाणारे, ढोलकी घेऊन दारात. 24ला झोप अर्धी. आणि 25ला सकाळी टोचणारा नवा शर्ट घालून, उपाशीपोटी, पाचशे माणसांत, स्पीकरच्या पुढ्यात. चर्चमध्ये फुटलं म्हणून दोष चर्चला गेला, पण भरत आलं होतं घरापासून. हट्टात आणि अशा फुटण्यात फरक ओळखायचा सोपा मार्ग आहे: हट्ट करणारं मूल आपल्याकडे कुणी बघतंय का ते बघतं आणि मागितलेलं मिळालं की थांबतं. फुटलेलं मूल काहीही दिलं तरी थांबत नाही, कारण थांबणं त्याच्या हातात उरलेलं नसतं. धाक लावायचा सल्ला इथंच चुकतो.

म्हणून तयारी घरापासून. तीन गोष्टी नाताळभर हलवायच्या नाहीत: उठायची वेळ, जेवायच्या वेळा, झोपायची वेळ. अर्धा तास पुढेमागे चालेल, दोन तास नाही. त्याचं अंथरूण आणि त्याचा कोपरा पाहुण्यांना द्यायचा नाही, मग पाहुणे कितीही जवळचे असोत. घराला रंग द्यायचाच असेल तर नोव्हेंबरात द्या, आणि त्याच्या खोलीचा रंग बदलू नका. झाड एका दिवसात उभं करून सजवू नका. पहिल्या दिवशी नुसतं झाड, दुसऱ्या दिवशी चार वस्तू त्याच्या हातानं, मग दिवे.

दिव्यांबद्दल दोन शब्द जास्त. बाजारातल्या एलईडी माळेला वायरीवर एक छोटी डबी असते, तिच्यावर बटण. दाबत गेलं की लुकलुकण्याचे वेगवेगळे प्रकार येतात, साधारण आठ, आणि बहुतेक माळांत शेवटचा प्रकार स्थिर उजेडाचा असतो. माळ त्यावर ठेवा. पण मधे वीज गेली की बऱ्याच स्वस्त माळा हा प्रकार विसरतात आणि वीज आल्यावर पुन्हा भराभर लुकलुकायला लागतात. संध्याकाळी सगळं छान असताना मूल अचानक डोळे झाकून का पळालं, याचं उत्तर कधी कधी एवढंच असतं. डबी हाताशी येईल अशी बांधा, किंवा डबीच नसलेली, कायम स्थिर राहणारी माळ घ्या. दारातली चांदणी, म्हणजे ताऱ्याचा दिवा, सुरू-बंद करण्याचं बटण त्याच्या ताब्यात द्या. रोज संध्याकाळी साडेसहाला चांदणी लावायची, हे त्याचं काम. आगमनकाळाची, म्हणजे नाताळच्या तयारीच्या आधीच्या आठवड्यांची, चाहूल त्याला त्यातूनच कळते.

दिवस मोजण्यासाठी कागदी साखळी करतात, रोज एक कडी फाडायची. काळाचा अंदाज असलेल्या मुलांना ती उत्तम. तुमच्या मुलाला "अजून पंचवीस दिवस" याचा अर्थ लागत नसेल तर पंचवीस कड्या म्हणजे नुसती चिडचिड. त्याला शेवटच्या सात दिवसांच्याच कड्या करा. काही मुलं पहिल्याच दिवशी सगळी साखळी फाडतात, त्यांना सगळं लगेच हवं असतं. तसं असेल तर साखळी उंच टांगा आणि रोजची एक कडी हातात द्या.

आता उपासनेची तयारी, क्रमानं सांगते.

पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) आणि चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीतल्या एका माणसाला पंधरा दिवस आधी भेटा. मागायचं एवढंच: दाराजवळच्या शेवटच्या बाकाचं टोक राखून ठेवायचं, उपासनेची क्रमपत्रिका तीन दिवस आधी द्यायची, आणि संडे स्कूलची खोली किंवा मागचा ओटा तेवढा वेळ मोकळा ठेवायचा. "सांभाळून घ्या" असं मोघम सांगितलं की सगळे होकार देतात आणि त्या दिवशी कुणाला काहीच आठवत नाही. नेमकं मागितलं की मिळतं. उंच छताच्या, फरशीच्या जुन्या चर्चमध्ये आवाज घुमतो, त्यामुळे नुसतं मागं बसून भागत नाही. दाराजवळ हवं, आणि स्पीकरच्या खोक्याच्या सरळ रेषेत नको.

आदल्या आठवड्यात, आडवारी, चर्च रिकामं असताना त्याला न्या. बाक दाखवा, त्यावर दोन मिनिटं बसा, शौचालय दाखवा, बाहेरचा ओटा दाखवा, घरी या. दुसऱ्या फेरीत कुणाला तरी पेटीवर किंवा कीबोर्डवर एक गीत हळू वाजवायला सांगा. याच फेऱ्यांत मोबाइलवर फोटो काढा: फाटक, बाक, पाळकांचा झगा, दानाची पिशवी, ओटा, घराचं दार. सहा-सात फोटो पोस्टकार्डाच्या आकारात छापून घ्या, जाड पुठ्ठ्यावर डकवा आणि क्रमानं लावा. फोटो तुमच्याच चर्चचे हवेत, इंटरनेटवरचं बर्फातलं चर्च नको. चित्रात एक आणि समोर भलतंच असलं तर कार्डावरचा विश्वास कायमचा उडतो. एक कार्ड कोरं ठेवा, त्यावर मोठं प्रश्नचिन्ह. कार्यक्रम बदलला की ते कार्ड त्या जागी लावायचं. हे साध्या दिवसांत आधी खेळून घ्या, 25ला पहिल्यांदा काढलं तर उपयोग नाही.

फोटोंबरोबर छोटी गोष्ट, त्याच्याच तोंडची, रोज रात्री एकदा वाचायची:

"25 तारखेला येशूचा वाढदिवस. सकाळी मी निळा शर्ट घालतो. आम्ही चर्चमध्ये जातो. तिथं खूप माणसं असतात. कधी कधी आवाज मोठा होतो. आवाज मोठा झाला तर मी कानावर इअरमफ लावतो. नको वाटलं तर मी बाबांना लाल कार्ड देतो. मग आम्ही ओट्यावर बसतो. मी दानाची पिशवी धरतो. दोन गीतं झाली की आम्ही घरी जातो. घरी भडंग आहे."

यात "मी शहाण्यासारखा बसतो" किंवा "मी ओरडत नाही" असं एकही वाक्य नाही, ते मुद्दाम. वचन मोडलं की मूल स्वतःला वाईट समजतं. काय होणार आणि नको झालं तर काय करता येईल, एवढंच सांगायचं. लाल कार्ड दिलं की त्याच क्षणी उठायचं, गीताचं कडवं पुरं व्हायची वाट बघायची नाही. एकदा जरी "थांब जरा" म्हणालात तर पुढच्या वेळी तो कार्ड देणार नाही, किंचाळेल, कारण किंचाळल्यावर तुम्ही लगेच उठता हे त्यानं गेल्या वर्षी शिकून ठेवलंय.

25च्या सकाळी जाण्याआधी अंगाला काम द्या. ओढणं, ढकलणं, उचलणं आणि चावणं यांनी पुष्कळ मुलं स्थिरावतात, आणि तो परिणाम थोडा वेळ टिकतो. पाण्याची अर्धी बादली अंगणात दोन-तीनदा नेणं, चर्चच्या खुर्च्या सरकवणं, गीतपुस्तकांची किलोभराची पिशवी पाठीवर घेणं, असं दहा-पंधरा मिनिटं. आपल्याकडे डिसेंबरात सगळीकडे ऊस असतो. साल काढून बोटभर लांबीचे तुकडे करून चावायला दिले तर जबड्याला याहून चांगलं काम नाही. अट एकच, चोथा थुंकायचं त्याला पक्कं जमत असलं पाहिजे. चोथा गिळणाऱ्या मुलाला ऊस देऊ नका, भाजलेली कडक भाकरी द्या. पोटभर नेहमीची न्याहरी, शौचाला जाऊन येणं, मग निघणं.

कानासाठी कारखान्यात वापरतात ते, डोक्यावरून पट्टी घेऊन पूर्ण कान झाकणारे इअरमफ घ्या. गाणी ऐकायचे हेडफोन आवाज तेवढा अडवत नाहीत. सांगली-मिरज-कुपवाड एमआयडीसीच्या आसपास किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीजवळ सुरक्षा साहित्याच्या दुकानांत मिळतात. लहान डोक्याला घट्ट बसतात ना ते तिथंच घालून बघा, सैल असले तर निरुपयोगी. घरी आवडत्या खेळाच्या वेळी पाच-पाच मिनिटं घालायची सवय आधी लावा. दिवसभर घालून ठेवू नका, कान शांततेला सरावले की साधा आवाजही जास्त बोचतो.

नवे कपडे महिनाभर आधी आणा. तीनदा धुवा, गळ्यामागचं लेबल टाक्यासकट उसवा. कात्रीनं कापून ठेवलं तर उरलेली कडा आणखी टोचते. मग घरी दहा मिनिटं, अर्धा तास, एक तास असं घालून बघा. मुलींच्या फ्रॉकच्या आतली जाळी फार टोचते, आतून मऊ सुती पेटीकोट लागतोच. सकाळी थंडी असते म्हणून आपण लोकरीचा स्वेटर चढवतो, त्याखाली पूर्ण बाह्यांचा सुती बनियन घाला. एवढं करूनही नवं नको असेल तर जुनाच धुतलेला शर्ट घालून न्या. जुन्या शर्टानं नाताळचा अपमान होत नाही.

उपासनेत सुरुवातीची वीस मिनिटं निवडा, असं माझं मत आहे. पुष्कळ जण शेवटी नेतात, आशीर्वादाला. पण भरलेल्या गर्दीत शिरणं या मुलांना फार जड जातं. आधी येऊन बसलं की गर्दी हळूहळू भोवती जमते, ती सोसते. पहिलं गीत, प्रार्थना, लूकच्या 2ऱ्या अध्यायाचं वाचन, दुसरं गीत, आणि उपदेशाआधी बाहेर. तो शांत असला तरी बाहेर. "आज छान बसलाय, अजून थोडं बसू" हा मोह सगळ्यांना होतो, आणि बहुतेक फजित्या त्या जादा दहा मिनिटांतच होतात. बरं चाललेलं असताना उठलं की पुढच्या रविवारी तो स्वतःहून चपला घालतो.

काम काय द्यायचं? दानाची पिशवी धरणं, गीतांच्या क्रमांकाचे आकडे फळ्यावर लावणं, गव्हाणीत बाळ ठेवणं, घंटेची दोरी ओढणं. आवाज स्वतःच्या हातानं केला तर तो सोसतो, हे घंटेबाबत बऱ्याचदा दिसतं. नाटकात घेणार असतील तर मेंढरू किंवा मेंढपाळ, संवाद नको. देवदूताची जरीची गोल टोपी आणि पंख नकोत, ते टोचतात. शेवटी प्रवेश, आधी निर्गमन, आणि हात धरायला त्याला आवडणारा एखादा मोठा मुलगा. बाळ येशूला ठेवायच्या वेळी त्यानं ते बाळ घट्ट धरलं आणि सोडलंच नाही, तर ओढून घेऊ नका. राहू दे त्याच्याकडे, मंडळीला कळतं.

तरीही फुटला तर? आधी खुणा येतात: कानाच्या पाळ्या लाल, एकसुरी हुंकार वाढतो, हात जोरात हलायला लागतात, तोच शब्द पुन्हा पुन्हा. त्याच वेळी उठा. उशीर झालाच तर एकच माणूस जवळ, बाकीचे दूर. बोलणं बंद, "काय झालं? काय हवंय?" हे प्रश्न त्या वेळी दगडासारखे लागतात. उजेड आणि आवाज कमी असलेल्या जागी न्या, तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत नसेल तर धरून ठेवू नका, डोकं आपटत असेल तर मधे उशी किंवा तुमचा तळहात. वीस मिनिटं ते पाऊण तास लागू शकतो. मग पाणी, मग घर. त्या दिवशी त्यावर चर्चा नाही, बोलणी नाहीत. कुणी मोबाइल काढून चित्रण करत असेल तर पंचांपैकी एकानं ते थांबवावं, हे काम आधीच नेमून ठेवा.

कॅरलची फेरी हा वेगळाच विषय. रात्री उशिरा, ढोलकी, खंजिरी आणि प्लास्टिकचा मुखवटा घातलेला सांता. मुखवट्यात चेहरा हलत नाही आणि आवाज मात्र येतो, याचीच पुष्कळ मुलांना धडकी बसते. चर्चच्या तरुण संघाला सांगा, आमचं घर पहिलं घ्या, संध्याकाळी सातच्या आत. चार-पाच जण, एक गीत, वाद्य एखादंच, मुखवटा हातात. अंगणात उभे राहा, घरात येऊ नका. आणि खूण ठरवा: चांदणी लावलेली असेल तर या, बंद असेल तर पुढं जा. तरुण मुलं हे फार मनापासून पाळतात, फक्त त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

पाहुण्यांना निरोप आधी पाठवा, समोरासमोर सांगताना आपण मिळमिळीत होतो. असा: "आम्ही 25ला दुपारी 12 ते 2 घरी आहोत, जरूर या. बाळाला मिठी, पापी नको, टाळी द्या. भेटवस्तू माझ्याकडे द्या, मी त्याला नंतर देईन. तो आतल्या खोलीत गेला तर हाक मारू नका. फुगे आणि फटाके आणू नका." आत्या-काकूंना वाईट वाटेल, एकदा वाटू द्या. भेटवस्तू दिवसाला एकच, खोक्यातून आधीच काढून, सेल घालून, चालते ना ते बघून. बंद खोकं, चिकटपट्टी आणि न चालणारं खेळणं यात अर्धा दिवस जातो.

खाण्याचं थोडक्यात. नाताळात नवा पदार्थ चाखायला लावू नका. केकमधले मनुके, करंजीतलं सारण, एका घासात दोन पोत आले की तोंडातून बाहेर येतं, तो अपमान नसतो. त्याचा डबा बरोबर न्या: चपाती-तूप, वरणभात, बिनतिखट भडंग, जे रोज जातं ते. गहू-दूध बंद करण्याचा आहार बऱ्याच जणांनी सुचवला असेल. त्यानं स्वमग्नता कमी होते याला भक्कम पुरावा नाही, आणि करायचाच तर डॉक्टरांना विचारून, सणाच्या आठवड्यात अजिबात नाही.

विश्वासाची भाषा हा भाग लोक विसरतात. ही मुलं शब्द जसाच्या तसा घेतात. "येशू तुझ्या हृदयात राहतो" म्हटल्यावर छाती चाचपून घाबरणारी मुलं असतात. "रक्तानं धुतलं" हे त्याहून भीतिदायक. "सांता वरून सगळं बघतोय", "ओरडलास तर प्रभू रागावेल" ही वाक्यं घरातून बादच करा, दोन्हींनी देवाची धास्ती बसते. दिसेल, हाताला लागेल असं सांगा: हे बाळ, ही गव्हाण, हे गवत, बाळाचं नाव येशू. प्रार्थना चार चित्रांची: आई, बाबा, जेवण, झोप. एकेका चित्रावर बोट आणि तुमचा एकच शब्द, "धन्यवाद". महिनाभर रोज रात्री तेच एक गीत, त्याच चालीत, त्याच लयीत. शेवटच्या ओळीचा शेवटचा शब्द सोडून थांबा. काही दिवसांनी तो शब्द त्याच्याकडून येऊ शकतो, नुसता हुंकार आला तरी ती त्याची प्रार्थना धरा. शब्द न येणाऱ्या लेकराची प्रार्थना कमी पोचते असं पवित्र शास्त्रात कुठंही नाही.

एक धोका मात्र ठळकपणे सांगायला हवा. गर्दीत, सगळ्यांना वाटतं तो दुसऱ्याजवळ आहे, आणि मूल निघून जातं. स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ फार असते आणि हरवलेल्या मुलांच्या बाबतीत बुडणं हाच मोठा धोका. आपल्याकडे कृष्णेचे घाट आहेत, विहिरी आहेत, आणि मळ्यामळ्यांत शेततळी. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो की पोहता येणाऱ्यालाही काठ धरून वर येता येत नाही. नाताळच्या जेवणाला गावाकडे मळ्यात जात असाल तर पोचल्याबरोबर पाणी कुठं आहे ते बघा. "आता याच्यावर लक्ष तुझं" असं नाव घेऊन, अर्ध्या-अर्ध्या तासानं पाळी बदला. सकाळीच त्या दिवशीच्या कपड्यांत त्याचा फोटो काढा. शर्टाच्या आत फोन नंबर शिवा. दिसेनासा झाला तर आधी पाण्याकडे धावा, दुसऱ्यानं त्याच वेळी 112 ला फोन करायचा. आधी घरभर शोधत बसू नका.

साताऱ्याकडचे काही पालक विचारतात, सुट्टीत पाचगणी-महाबळेश्वरला न्यावं का? नाताळ ते 1 जानेवारी पसरणी घाटात गाड्या तासन् तास अडकतात, बंद गाडीत, हॉर्नच्या गजरात. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, आडवारी न्या. या दिवसांत सकाळी लवकर, माणसं नसताना, साताऱ्यातल्याच चार भिंती या टेकडीवरच्या स्मारकापर्यंतची चढण त्याला जास्त मानवेल.

आता तुमच्याबद्दल. पत्रात तुम्ही स्वतःविषयी एक ओळही लिहिली नाही. अशा मुलांच्या आयांनी कित्येक वर्षं अख्खा उपदेश ऐकलेला नसतो, प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला) त्या रांगेत उभ्या राहिलेल्या नसतात. यंदा 24ची रात्र नवऱ्यानं मुलाबरोबर घरी राहावं आणि तुम्ही उपासनेला जावं, 31ला उलट. 25ला तो वीस मिनिटांत बाहेर पडेल तेव्हा त्याला घेऊन बाहेर कोण जाणार ते आधी ठरवा, आणि दरवेळी आईच असं नको. महिला मंडळातल्या किंवा संडे स्कूलच्या दोन जणांना डिसेंबरच्या रविवारी अर्धा-अर्धा तास त्याच्याशी ओळख करून घ्यायला सांगा, म्हणजे 25ला ओट्यावर तो त्यांच्याबरोबर बसेल. पाळकांशी बोलताना मार्कचा 2रा अध्याय काढा. पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणलं, दारातून जागा नव्हती तर छप्पर उघडलं. त्या चौघांचं काम मंडळीचं आहे, ते आईबापांनी एकट्यानं ओढायचं नाही. भावंड असेल तर त्यालाही या आठवड्यात आईबाबांपैकी एकाबरोबर अर्धा दिवस हवा, भावाशिवाय.

26 तारीख पूर्ण रिकामी ठेवा. कुणी येणार नाही, कुठं जायचं नाही, नेहमीचे जुने कपडे, नेहमीचा डबा. मराठी शाळेला बहुधा एकच दिवस सुट्टी असते, तसं असेल तर 26ला शाळेत पाठवू नका, आधीच बाईंना चिठ्ठी द्या. मिशनच्या किंवा इंग्रजी शाळेला आठ-दहा दिवस असतील, तर सुट्टीच्या शेवटच्या तीन दिवसांत शाळेच्या वेळेला उठणं आणि गणवेश घालणं पुन्हा सुरू करा. झाड रात्री तो झोपल्यावर गुपचूप काढू नका, सकाळी रिकामा कोपरा बघून मुलं फार बिथरतात. दिवस सांगा, कार्ड लावा, आणि उभं केलं तसंच उतरवा: आधी दिवे, दुसऱ्या दिवशी वस्तू, मग झाड. चांदणीचं काम तुटलं म्हणून संध्याकाळी साडेसहाला तो बटणापाशी जाऊन उभा राहील. तिथं ओसरीचा साधा दिवा जोडून ठेवा, लावण्याचं काम त्याच्याकडेच राहू दे.